गिअर कसे पडतात?

जुनी फियाट विकत घ्यायला निघालेला नवखा माणूस आधी रंग बघतो, मग बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो. मुरलेला माणूस गाडी गरम होऊ देतो, चालकाच्या जागी बसतो, स्टेअरिंगच्या डाव्या बाजूची दांडी हलवून तिला किती ढिलाई आहे ते पाहतो आणि मालकाला एकच प्रश्न विचारतो, "गिअर कसे पडतात?" त्याच्या उत्तरावर न विसंबता तो गाडी रस्त्यावर काढतो, तिसऱ्यावरून दुसऱ्यात घेतो आणि कान देतो. 'कर्र' झालं की किंमत खाली येते.

बंगळुरूमध्ये प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या थोरल्या बहिणी, म्हणजे फियाट 1100 डी आणि डिलाइट, अजून रस्त्यावर दिसतात. कागदोपत्री नाव काही असो, मराठी घरांत ती कायम 'फियाट'च राहिली. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात खारी हवा नाही. मुंबईत ज्या पत्र्याला दहा-बारा पावसाळ्यांत गंज चढतो, तो इथे बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे बंगळुरूच्या फियाटवाल्याची मुख्य चिंता बॉडीची नसते. त्याचा जीव अडकलेला असतो गिअरबॉक्समध्ये, कारण या शहराची हवा गाडीला मानवते, पण रहदारी मानवत नाही.

जो कारखाना बंगळुरूला व्हायचा होता

फियाट आणि बंगळुरू यांचं नातं गाडी जन्माला येण्याच्याही आधीचं आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूरचे माजी दिवाण. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात उमेदीची वर्षं घालवलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी दारं बसवलेले हे अभियंते. 1930च्या दशकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेचा दौरा करून त्यांनी भारतात मोटारी बनवण्याची योजना आखली. तिच्यामागे उद्योगपती म्हणून उभे राहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ योजनेला अनुकूल होतं, पण 1939मध्ये त्याने राजीनामा दिला. मग नजर म्हैसूर संस्थानाकडे वळली. कारखाना बंगळुरूत उभारायचा विचार पुढे सरकला, पण महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सरकारने त्याला पाठबळ दिलं नाही आणि योजना बारगळली.

मोटारींऐवजी बंगळुरूला विमानं मिळाली. विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी वालचंदांची गाठ पडली आणि त्यातून डिसेंबर 1940मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. तीच आजची एचएएल. मोटारींची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुंबईला, कुर्ल्यात गेला. आधी तिथे डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पुढे फियाटशी करार झाला. सुटे भाग आणून फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना 1950च्या दशकात सरकारने दार दाखवलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. राहिलेल्यांना हळूहळू सगळंच इथे बनवावं लागलं, त्यात गिअरबॉक्सही आला.

1964मध्ये आलेली 1100 डी पुढे डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट आणि 1974पासून पद्मिनी. इटलीत 1100 डी हे मॉडेल 1966मध्येच संपलं. कुर्ल्यात मात्र तोच सांगाडा आणि 1089 सीसीचं इंजिन शतक संपेपर्यंत चाललं, बहुतेक काळ चार गिअरांच्या त्याच रचनेसह. बंद बाजारपेठेत वर्षानुवर्षं नंबर लावून ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला या न बदलण्याचा वैताग होता, आणि तो रास्त होता. आज जुनी गाडी सांभाळणाऱ्याला त्याच गोष्टीचा सर्वात मोठा आधार आहे. इतकी वर्षं एकच यंत्र बनत राहिलं, की त्याचे सुटे भाग देशभर विखुरले आणि ते उघडून जोडणारे हातही तयार झाले.

पेटीच्या आत

या गिअरबॉक्सची रचना समजून घेतली की तो का टिकतो आणि कुठे हरतो, हे दोन्ही कळतं. इंजिनाकडून येणारा शाफ्ट, त्याच्या सरळ रेषेत मागच्या चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट आणि या दोघांखाली समांतर फिरणारा काउंटर शाफ्ट, अशी तिघांची मांडणी. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ताकद वरून खाली काउंटर शाफ्टवर उतरते आणि तिथून पुन्हा मेन शाफ्टवर चढते. म्हणजे दात्यांच्या दोन जोड्यांवर भार येतो. चौथ्यात मात्र वरचे दोन्ही शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. इंजिनाची एक फेरी म्हणजे मागे जाणाऱ्या शाफ्टचीही एक फेरी. काउंटर शाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर ओझं नसतं.

मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्गमार्गे बंगळुरूला येणारा महामार्ग जवळपास हजार किलोमीटरचा आहे. घाट सोडले तर फियाट तो बहुतेक सगळा चौथ्या गिअरमध्ये कापते. एवढ्या प्रवासात गिअरबॉक्सचं फारसं काही झिजत नाही. लांब पल्ल्याला वापरलेल्या गाडीचा आकडा मोठा असूनही तिची पेटी चांगली निघते, ती त्यामुळेच.

दुसरी जमेची बाजू म्हणजे इंजिनाचा अशक्तपणा. चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन आणि नऊशे किलोच्या आसपासची गाडी. दाते मोडतील एवढा जोर या इंजिनात नाहीच. चालकाने मनात आणलं तरी तो या गाडीवर फार मोठा अत्याचार करू शकत नाही. शक्तिशाली इंजिनाच्या गाड्यांत दाते तुटतात, शाफ्ट पिळवटतात. फियाटमध्ये हे क्वचित घडतं. तिथे सावकाश झीज होते.

ही झीज होते ती गिअर बदलण्याच्या क्षणी. दुसरा, तिसरा आणि चौथा यांना सिंक्रो आहे. गिअर पडण्याआधी पितळी जातीच्या धातूची एक कडी फिरणाऱ्या चाकाच्या निमुळत्या भागावर घासते, दोघांचा वेग जुळवते आणि मगच दाते अडकू देते. पहिल्या गिअरला ही सोय नाही. पहिला आणि रिव्हर्स टाकताना दातेरी चाकं सरकून एकमेकांत शिरतात, आणि त्यासाठी गाडी पूर्ण थांबलेली असावी लागते. ती हळूहळू सरकत असताना घाईने पहिला टाकला की दात्यांच्या कडा एकमेकांवर आपटतात. एकदा आपटल्याने बिघडत नाही. दिवसातून पन्नास वेळा आपटल्या तर कडा गोल होतात, आणि गोल झालेले दाते गिअर नीट धरून ठेवत नाहीत.

जुन्या चालकांकडे यावर उपाय होता, डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटर किंचित देऊन आतल्या चाकांचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गिअर टाकायचा. सिंक्रोच्या कडीचं काम पाय करतो. हे ज्याला साधलं त्याच्या गाडीचा दुसरा गिअर दुप्पट काळ टिकतो, असं गॅरेजांत सर्रास म्हणतात. प्रमाण दुप्पटच असेल असं नाही, पण कार्यकारणाचं गणित चुकीचं नाही.

शहराचा भार

आता हे यंत्र बंगळुरूच्या रस्त्यावर आणू. टॉमटॉम या संस्थेच्या 2022च्या पाहणीत बंगळुरूच्या मध्यवर्ती भागात 10 किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागत होती. त्या वर्षी जगातल्या सर्वात संथ शहरांत त्याचा क्रमांक दुसरा होता. म्हणजे तासाला वीस किलोमीटरच्या आसपास वेग, आणि तोही सरासरी. प्रत्यक्षात हे म्हणजे थांबणं, सरकणं, पुन्हा थांबणं.

फियाटला या वेगात चौथा गिअर मिळतच नाही. तिसरासुद्धा अधूनमधून. दिवस जातो पहिल्या-दुसऱ्यात, म्हणजे काउंटर शाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगवर सतत भार ठेवून. आणि सरकत्या रांगेत नेमका सिंक्रो नसलेला पहिलाच पुन:पुन्हा लागतो. कोंडीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या सिल्क बोर्डच्या चौकात अर्धा तास घालवलेल्या गाडीच्या पेटीने महामार्गावरच्या कित्येक तासांपेक्षा जास्त सोसलेलं असतं.

यात भर पडते हाफ क्लचची. चढावर ब्रेक न लावता क्लच अर्धवट धरून गाडी रोखायची सवय नव्या गाड्यांवर शिकलेल्या जवळपास सगळ्यांना असते. बंगळुरूचे रस्ते चढ-उताराचे आहेत. बसवनगुडी, मल्लेश्वरम या जुन्या वस्त्यांतही सपाट गल्ली शोधावी लागते. क्लच प्लेट तापून वाकली किंवा पेडलची चाल बिघडली की क्लच पूर्ण सुटत नाही, तो सुटला नाही की आतला शाफ्ट फिरत राहतो, आणि फिरत्या शाफ्टवर गिअर टाकला की सिंक्रोची कडी घासली जाते. मालक तक्रार घेऊन येतो गिअरबॉक्सची आणि दोष निघतो क्लचच्या समायोजनात. चांगला मेकॅनिक पेटी उतरवण्याआधी पेडलची मोकळी चाल तपासतो.

तसंच दांडीचं. स्टेअरिंगजवळची दांडी आणि खाली गाडीच्या पोटातली पेटी यांच्यामध्ये दांड्या, सांधे आणि बुशांची मालिका आहे. बुश झिजले की दांडी सैल होते, चालकाला वाटतं गिअर पूर्ण पडला, पण आत तो अर्धाच पडलेला असतो. अर्धवट अडकलेल्या दात्यांवर भार आला की गिअर निसटतो आणि दाते खरवडले जातात. काही रुपयांच्या बुशकडे केलेलं दुर्लक्ष महागड्या गिअरला भोवतं. जमिनीवरच्या गिअरच्या गाड्यांत ही अडचण कमी असते. इटलीत 1966मध्ये आलेल्या 1100 आर या पुढच्या गाडीत फियाटने दांडी खाली आणलीच होती.

कानाने करायची तपासणी

जुना मेकॅनिक पेटी उघडण्याआधी आवाज ऐकतो. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर ती थांबते, तर इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग संशयात येतं. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. गाडी चालत असताना पहिल्या तीन गिअरांत रडण्यासारखा सूर येतो आणि चौथ्यात तो नाहीसा होतो, तर काउंटर शाफ्टकडे बोट जातं, कारण चौथ्यात त्याच्यावर भार नसतो. चौथ्यातही आवाज कायम राहिला तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग, मागे जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस किंवा थेट डिफरन्शियल बघायचं.

गिअर निसटतो का, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी उतार लागतो. बंगळुरूच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर नंदी हिल्स आहे. वर जाताना इंजिन ओढतं, उतरताना गाडी इंजिनाला ढकलते. दात्यांवरचा दाब एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो. उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर दुसरा किंवा तिसरा आपोआप न्यूट्रलमध्ये आला, तर आतली स्प्रिंग-गोळी, फोर्क किंवा दात्यांच्या कडा यांपैकी काहीतरी झिजलेलं आहे. घाटात हा नुसता खर्चाचा प्रश्न राहत नाही. गिअर निसटल्यावर गाडी फक्त ब्रेकवर उरते, आणि जुन्या ड्रम ब्रेकवर एकट्याने तेवढा भरवसा ठेवू नये.

तेलाची गोष्ट

पेटीच्या आयुष्यात सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे तेल. इंजिन ऑइल लोक वेळेवर बदलतात. गिअर ऑइल मात्र 'आहे ना' एवढ्यावर सोडून देतात. मागच्या सीलमधून थेंब-थेंब गळत राहिलं की पातळी खाली येते, आणि वरच्या शाफ्टची बेअरिंग आधी उपाशी पडतात.

तेल कोणतं, हाही प्रश्न आहेच. या पेट्या 90 ग्रेडच्या साध्या खनिज तेलावर चालाव्यात अशा बनवल्या होत्या. आज दुकानात सहज मिळणारं जीएल-5 दर्जाचं तेल डिफरन्शियलसाठी असतं. त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यं पोलादी दात्यांना प्रचंड दाबाखाली वाचवतात, पण त्यांपैकी काही प्रकार उष्णतेत पितळ-काशाला खातात, आणि सिंक्रोच्या कड्या त्याच जातीच्या धातूच्या असतात. शिवाय सिंक्रोला थोडं घर्षण लागतं. फार निसरडं तेल घातलं तर कडी पकड घेत नाही आणि नव्या कड्या असूनही गिअर खरखरतो. म्हणून जाणकार पेटीसाठी जीएल-4 दर्जाचं 90 ग्रेडचं तेल मागतात.

बंगळुरूने सप्टेंबर 2022मध्ये आणखी एक धोका दाखवला. आउटर रिंग रोड आणि आसपासच्या वसाहती पाण्याखाली गेल्या, तळघरांत गाड्या बुडाल्या. पेटीला हवा घ्यायला छिद्र असतं. पाणी तिथून आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. अशी गाडी इंजिन चालू झालं म्हणून वापरायला काढू नये. तेल काढून, पेटी धुऊन, पुन्हा भरून, थोडं चालवून ते पुन्हा बदलावं लागतं. पाणी महिनाभर आत राहिलं तर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात, आणि मग उपाय उरत नाही.

सामान कुठून येतं

म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांच्या नावाचा जयचामराजेंद्र रोड, म्हणजे सगळ्यांचा जे. सी. रोड, ही बंगळुरूची मोटार-सामानाची पेठ. बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट हे भाग इथे अजून मिळतात, कारण बेअरिंग आणि सील मापावर मिळतात, गाडीच्या नावावर नाही. जुनं बेअरिंग हातात घेऊन जायचं, त्यावरचा क्रमांक वाचून दाखवायचा, दुकानदार त्याच मापाचं काढून देतो. अडचण असते सिंक्रोच्या कड्या, दातेरी चाकं आणि शाफ्ट यांची. हे भाग फक्त फियाटचेच असतात.

त्यासाठी शिवाजीनगरच्या गुजरीत जायचं. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या पेट्या तिथे आख्ख्या विकल्या जातात. एक चालू पेटी बनवायला दोन जुन्या पेट्या घ्यायच्या, एकीतले चांगले दाते आणि दुसरीतला चांगला शाफ्ट जुळवायचा, हा इथला रिवाज. यात एक पथ्य आहे. एकमेकांवर फिरत आलेली दातेरी चाकं जोडीनेच घ्यायची. वेगवेगळ्या पेट्यांतली दोन चाकं जोडली तर त्यांची झीज जुळत नाही आणि गाडी कायमची रडत राहते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी हा या सामानाचा मोठा साठा होता. हजारो पद्मिनी टॅक्सी रोज धावत, म्हणून सामान बनत होतं आणि मोडीतूनही निघत होतं. टॅक्सीची वयोमर्यादा 20 वर्षांची आहे. तिच्यानुसार 30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी त्यावर भावुक लेख लिहिले. जुन्या गाड्यांच्या मालकांना त्यात दुसरी बातमी दिसली. सुट्या भागांचा झरा आता आटणार.

इथे बंगळुरूची जमेची बाजू पुढे येते. मोटार कारखाना हुकला, पण एचएएलच्या पाठोपाठ 1951मध्ये मोटारींचे भाग बनवणारी मायको आली आणि 1953मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स. लेथ चालवणारी, दाते कापणारी, पोलादाला उष्णता देऊन कठीण करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या या शहरात तयार झाली. पीण्या इथल्या औद्योगिक वसाहतीत छोटे कारखाने आहेत, तिथे नमुना दिला तर दातेरी चाक कापून मिळतं. ते एकट्याला परवडत नाही. दहा-वीस मालकांनी मिळून बनवून घेतलं तर परवडतं. मात्र नुसता आकार जुळून भागत नाही. चाकाचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट असावा लागतो. त्यासाठी योग्य मिश्रधातूचं पोलाद, कार्बन मुरवणं आणि योग्य तापमान पाहिजे. नरम पोलादाचं चाक दिसायला हुबेहूब असतं आणि थोड्याच दिवसांत त्याचे दाते चेपतात.

बदलावा की जपावा

यावर एक सोपा मार्ग लोक सुचवतात. दुसऱ्या गाडीचा पाच गिअरांचा बॉक्स बसवा, सगळ्या गिअरांना सिंक्रो, वर महामार्गावर इंजिन शांत. प्रीमियरनेच 118 एनईमध्ये निसानचं इंजिन घातलं होतं. हिंदुस्थान मोटर्सनेही ॲम्बॅसेडरला इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर दिले. मग घरी केलं तर काय बिघडलं?

रोज कामावर जायला जुनी गाडी वापरणाऱ्यासाठी हा युक्तिवाद दुबळा नाही. पण बदल करताना पेटीमागच्या शाफ्टची लांबी, आधाराचा सांगाडा, क्लच, स्पीडोमीटर हे सगळं बदलावं लागतं, आणि वीस वर्षांनी ती गाडी दुरुस्त करणाऱ्याला कुठला भाग कुठल्या गाडीचा हे कळत नाही. केंद्र सरकारने 2021मध्ये केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि ती 10 वर्षं चालते. 1974च्या पद्मिनींनी ही वयाची अट ओलांडली आहे. मोठ्या फेरफारांत नियम चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतो. पण पेटी बदलताना चॅसिसला हात लागलाच तर मूळ स्वरूपाचा दावा टिकवणं अवघड.

म्हणून ज्यांना पेटी बदलायचीच आहे, त्यांनी चॅसिस कापू नये आणि मूळ पेटी भंगारात देऊ नये. तेल भरून, तोंडं बंद करून ती कोरड्या जागी ठेवावी.

आजच्या ऑटोमॅटिक पेट्या चांगल्या आहेत, बंगळुरूच्या रहदारीत तर त्याच शहाणपणाच्या. पण त्यांतल्या पुष्कळ पेट्या बिघडल्यावर आख्ख्या बदलल्या जातात, आणि तीस वर्षांनी त्यांचा संगणक कोण दुरुस्त करणार याचं उत्तर आज कोणाकडे नाही. फियाटच्या पेटीत गूढ असं काही नाही. साधे पान्हे, एक प्रेस आणि सवयीचा हात असला की ती टेबलावर उघडते आणि पुन्हा मिटते. तिचं दीर्घायुष्य पोलादापेक्षा या उघडता येण्यात जास्त आहे.

ते दीर्घायुष्य आता माणसांवर अवलंबून आहे. अशा पेट्या उघडणारे मेकॅनिक साठीच्या पुढे गेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली नवी मुलं येत नाहीत. ज्यांच्या दारात अशी गाडी आच्छादनाखाली उभी आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत तिचं गिअर ऑइल बदलावं, दांडीचे बुश तपासून घ्यावेत आणि पेटी उघडायची वेळ आली तर मेकॅनिकच्या परवानगीने शेजारी उभं राहून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून क्रम एका वहीत लिहून ठेवावा. गाडी पुढे कोणाकडेही गेली तरी ती वही तिच्यासोबत द्यावी.